सूर्याची वेस

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या न्हाणीघरात विज्ञानाचा वर्ग भरला, आणि त्या वर्गातला एकुलता एक विद्यार्थी होतो मी! बंबातले पाणी कढत झाले होते, म्हणून विसणासाठी मी नळ सोडला. पुण्यास कॉलेजात पदार्थविज्ञान शिकणारी आमची कन्या आदल्या रात्रीच आली होती. ती दारातूनच ओरडली, "बाबा, बादली नका लावू! फरशीवर बघा."

धार पडे तिथे पाणी पातळ होऊन चहूकडे वेगाने पसरे आणि वीतभर अंतरावर एकाएकी मंदावून जाड होई. तिथे गोल कडेच उमटे. "सूर्याचा वारा असाच थबकतो," ती म्हणाली.

सूर्याला वारा असतो, हे मॅट्रिकपर्यंत मला कुणी सांगितले नव्हते. विद्युत्भारित कणांचा हा वारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने सुटतो आणि सूर्याचे चुंबकत्व बरोबर नेतो. पण ताऱ्यांमधली पोकळीही रिकामी नाही. तिथल्या विरळ वायूला स्वतःचे चुंबकत्व आहे, आणि त्याच्या चुंबकरेषा सूर्याच्या बुडबुड्यावर शेल्यासारख्या पांघरल्या जातात. आतला व बाहेरचा रेटा जिथे समसमान होतो, तिथे सूर्याची वेस. आणि मी पामर वीस वर्षे ती प्लूटोपाशी दाखवीत आलो!

१९७७ साली निघालेले 'व्हॉयेजर १' यान २००४ च्या डिसेंबरात त्या थबकल्या वाऱ्यात शिरले. २५ ऑगस्ट २०१२ रोजी, सुमारे १८०० कोटी किलोमीटरांवर, सूर्याचे कण एकदम ओसरले आणि बाहेरच्या विश्वकिरणांचा मारा वाढला. वेस ओलांडली म्हणावी, तर चुंबकक्षेत्राची दिशा बदलायला हवी होती. ती बदललीच नाही! शास्त्रज्ञांत वर्षभर वाद माजला. वायूची दाटी मोजणारे उपकरण १९८० सालीच बंद पडलेले. अखेर सूर्यानेच साक्ष दिली. मार्च २०१२ मध्ये उसळलेल्या त्याच्या एका स्फोटाची लाट एप्रिल २०१३ मध्ये यानापाशी पोचली. भोवतालचा वायू कंप पावला, आणि त्या कंपावरून कळले की इथली दाटी वेशीआतल्यापेक्षा चाळीस पटींनी अधिक आहे. यान केव्हाच बाहेर पडले होते.

त्या यानावरच्या तबकडीत गोमंतकातल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यान निघाले ५ सप्टेंबरला. बाई गेल्या १६ सप्टेंबरला. मैफलीत भैरवी शेवटी गातात, इथे ती निघतानाच सोबत दिली.

"अहो, पाणी वाहून चाललंय!" स्वयंपाकघरातून हाक आली. मी निमूटपणे नळ बंद केला. कन्या फळीवर काहीतरी शोधीत होती.

"आई, उटणं कुठे ठेवता तुम्ही हल्ली?"

मागल्या दिवाळीपर्यंत ती 'आपण कुठे ठेवतो' असे विचारीत असे. आवाज तोच, हसणे तेच. तिच्या आईने कोनाड्याकडे बोट दाखविले, आणि मी बादली नळाखाली सरकवली.