काटोलची संत्री आणि फटफटी

नागपूरहून काटोलकडे निघालात, की संत्र्यांच्या बागा भेटू लागतात. बहार धरायचा, तर बागाईतदार झाडाचे पाणी काही दिवस तोडतो. त्याला ‘ताण देणे’ म्हणतात. ताण बेताचा, तर बहार. फार झाला, तर झाडच वाळते!

हे मर्म चिरंजीव फटफटीला मात्र लावीत नाहीत. सायलेन्सर काढून मोकळी नळी बसवली, की धूर झटकन सुटतो, हवा जास्त ओढली जाते, पेट्रोल तेवढेच. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हवी. हा तोल गेला, की इंजिन तापते आणि दिवाळी नसतानाही नळीत फटाके फुटतात. कार्ब्युरेटर असेल, तर मिस्त्री मोठा जेट घालतो. इंजेक्शनच्या गाडीत संगणकाचा हिशेबच बदलावा लागतो.

पाणी मोजणाऱ्या बापाने मुलाला एवढेच सांगावे : बाबा रे, इंजिनालाही ताण सोसेल तेवढाच!