पाणी तेथे वस्ती : जैसलमेर जिल्हा

नकाशावर जैसलमेर जिल्हा भला विस्तीर्ण दिसतो. राजस्थानात याहून मोठा जिल्हा नाही. क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर. परंतु २०११ च्या जनगणनेत येथे अवघी ६,६९,९१९ माणसे भरली, म्हणजे चौरस किलोमीटरला सतरा. सबंध देशाचे प्रमाण तेव्हा ३८२ होते. एका ढाणीहून (तिकडे वाडीस ढाणी म्हणतात) दुसरीकडे निघालेल्या वाटसरूस कोस-कोस माणूस भेटू नये, यात नवल कसले?

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. पश्चिमेस समच्या बाजूला त्या आहेतच. पण जैसलमेर शहराभोवतीची भूमी पिवळ्या खडकाची आहे. जवळच आकल येथे वृक्षांचे दगड झालेले बुंधे पडले आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे अरण्य होते! आज वर्षाकाठी जेमतेम वीस सेंटिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. भूगर्भातील पाणी बहुतेक ठिकाणी खोल आणि खारे. पाऊस रुसला की माणसे ओसरत. १८९१ साली जैसलमेर संस्थानात १,१५,७०१ लोक होते. छप्पनियाचा भीषण दुष्काळ येऊन गेल्यावर १९०१ साली ७३,३७० उरले.

उरले ते कशावर? काही भागांत वाळूखाली खडीचा कठीण थर असतो. पावसाचे गोडे पाणी त्यावर अडून राहते, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. हा ओलावा मिळवण्यासाठी लोक कुई खणतात. ती विहीरच, पण इतकी अरुंद की आत एकच माणूस बसून खणू शकतो. वरून दगड पडेल म्हणून तो डोक्यावर धातूचे भांडे घालतो, आणि त्याला हवा मिळावी म्हणून वरची मंडळी मूठ-मूठ वाळू जोराने खाली टाकतात. एवढ्या श्रमानंतर पाणी मिळते ते दिवसाला दोन-तीन घागरी! म्हणून नवी कुई कोठे खणावी हे एकट्याच्या मर्जीवर नसे, गाव ठरवी.

पालीवाल ब्राह्मणांनी तर शेतीही उभी केली. खडकाळ उतारावरून येणारे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे, ते जिरले की ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरायचा. यास खडीन म्हणतात. त्यांचे कुलधरा गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. दिवाणाच्या जुलमाची कथा सर्वांच्या तोंडी आहे. काही अभ्यासक आटत्या पाण्याकडे बोट दाखवतात, आणि मला ते अधिक पटते.

पुढे सतलज-बियासच्या संगमावरील हरिके धरणापासून निघालेला कालवा आला. काम १९५८ साली सुरू झाले, पाणी जैसलमेरास १९८७ साली पोहोचले. १९६१ साली जिल्ह्यात सुमारे १ लाख ४० हजार लोक होते, ते पन्नास वर्षांत पावणेपाचपट झाले. मात्र नांगर फिरला तेथे सेवण गवताची कुरणे गेली, गुरे चारणाऱ्यांची वाट आखडली. आपल्या सोलापूरकडेही ज्याचे माळरान होते तो माळढोक पक्षी आता मुख्यतः याच जिल्ह्यात तग धरून आहे, आणि विजेच्या तारांना धडकून मरतो.

दरसाल दुरुस्तीसाठी कालवा काही आठवडे बंद ठेवतात. या नहरबंदीत घराघरांतून घागरी मोजल्या जातात, आणि पावसाचे पाणी साठवणाऱ्या जुन्या टाक्यांची झाकणे उघडतात.