दापोलीतले दोन दिवस

मुलीला दापोलीच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले. एकटी कशी राहील? काय खाईल? तिला सोडायला गेले आणि मुद्दाम दोन दिवस राहिले.

गाव लहान आणि निवांत, हवा गार. १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठामुळे बाजारात जिथे-तिथे दूरदूरची मुलं-मुली दिसतात.

संध्याकाळी हर्णै बंदरावर गेलो. वाळूवर मासळीचा लिलाव रंगला होता. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. घरी कधी कोथिंबीरही न आणणारी माझी लेक मासे विकणाऱ्या मावशींशी कोलंबीच्या भावावरून हुज्जत घालत होती! मी गप्प उभी राहिले. ती कोलंबी ओळखीच्या एका चाचींनी रांधली. सोबत तांदळाची गरम भाकरी. "लेकीची काळजी करू नका, आम्ही आहोत," त्या म्हणाल्या.

निघताना एसटीत बसले आणि डोळे भरून आले. खिडकीखालून लेक म्हणाली, "अम्मी, पोहोचलीस की फोन कर हं."

आजवर हे वाक्य माझं होतं. बहिणींनो, आपल्या भीतीपायी मुलींची वाट अडवू नका. अल्लाह त्यांचा निगेहबान आहे.