ऱ्हास वाचायचा तर

साम्राज्ये बुडाल्याची पुस्तके वाचण्यात एक चोरटे सुख असते. बुडणारे दुसरेच असतात ना! १७६४ साली रोमच्या भग्नावशेषांत बसला असता ज्युपिटरच्या देवळात ख्रिस्ती भिक्षूंची सायंप्रार्थना कानी पडली आणि ऱ्हासाचा ग्रंथ सुचला, असे रोमन साम्राज्याचा इतिहासकार गिबन सांगतो.

वसईजवळच्या निर्मळला असे गिबन रोज निपजावेत. शंकराचार्यांचे समाधिमंदिर आणि होली क्रॉस चर्च एकाच गावात. जवळच सोपारा; तिथला स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला. भुईगावात १९५६ साली अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा निघाला. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक भारंभार विधी करतात, अशी सम्राटाची त्या लेखात कुरकुर आहे. (कार्तिकातली निर्मळची जत्रा पाहून त्याने हातच टेकले असते.) दक्षिणेला वसईचा किल्ला. १७३९ मध्ये तिथून पोर्तुगीज गेले, १८०२ मध्ये वसईच्याच तहाने दुसऱ्या बाजीरावाने पेशवाई इंग्रजांच्या दावणीला बांधली.

मग वाचायचे काय? पाश्चात्त्य संस्कृतीच्या ऱ्हासावर लिहिणारा स्पेंग्लर मी बाजूला ठेवीन. संस्कृतीलाही वसंत-शिशिर असतात हे एकदा पटले, की कोणाला जाब विचारायचे कारणच उरत नाही. त्यापेक्षा इतिहासकार राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेली महिकावतीची बखर घ्यावी, तीही प्रस्तावनेसकट. उत्तर कोकणात राज्यामागून राज्ये आली, रयत मात्र थंड. का? राजवाड्यांचे उत्तर रोखठोक आहे: अन्न सहज मिळत होते, मग राजा कोण याची फिकीर कोणाला? मला ते पुरते पटत नाही. पण नजर सिंहासनावरून चुलीकडे वळते, हे काय थोडे झाले?

आणि वसईत चुलीमागे पाणी असते. केळी, पानवेली, मोगरा पोसणाऱ्या विहिरी आणि बावखले, म्हणजे वाडीतली तळी. किल्ल्यावरची निशाणे बदलली तरी वाड्या पिकत राहिल्या. मग कोणतेच राज्य बुडालेले नसताना टँकर पाणी उपसू लागले, विहिरी मचूळ झाल्या, बावखलांत भराव पडला. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली ती याच काळात. त्या लढ्यातली पत्रके-निवेदने कोणाच्या माळ्यावर असतील तर मला गिबनच्या आधी ती वाचायची आहेत. पश्चिम रोम बुडाल्यावर तेराशे वर्षांनी गिबनचा पहिला खंड निघाला. ही माणसे बावखल बुजत असतानाच लिहीत होती.