नावाची पाटी नसलेला ध्वनिवर्धक

हस्तलिखितांच्या सूची करण्यात ज्याची काही वर्षे गेली आहेत, त्याला एक गोष्ट लवकरच उमगते. पोथीच्या वेष्टनावर जे नाव असते, त्यावर सर्वांत शेवटी विश्वास ठेवावा. वेष्टने बदलतात, पाने एका दप्तरातून दुसऱ्यात जातात, आणि नाममुद्रासुद्धा निर्णायक ठरत नाही. 'नामा' ही मुद्रा असलेले सगळे अभंग एकाच नामदेवाचे नव्हेत, हे आता अभ्यासकांना मान्य आहे. हाच विवेक एका विजेच्या यंत्राच्या बाबतीत मला उपयोगी पडावा, हा मात्र योगायोगच म्हटला पाहिजे.

हे यंत्र म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा, गिटारसाठी केलेला एक लहानसा ध्वनिवर्धक. माझी थोरली बहीण शिकागोजवळच्या एका उपनगरात राहते. तिच्या घरी तो आहे. भावोजी १९६९ साली नोकरीनिमित्त अमेरिकेत गेले. पुण्यात असताना ते हवाईयन गिटार वाजवीत. व्हॅन शिप्ले यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या वाद्याकडे वळलेल्या मध्यमवर्गीय तरुणांपैकी ते एक होते. शिकागोत गेल्यावर मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या जुन्या बाजारातून त्यांनी हा ध्वनिवर्धक आणला आणि पुष्कळ वर्षे वापरला. २०१८ साली ते वारले, त्याच्या कितीतरी आधीपासून तो तळघरात मुका पडून होता. माझ्या भाचीला तो पुन्हा वाजता करावयाचा होता. ताईचे म्हणणे एवढेच, की त्यांनी जसा ठेवला तसाच तो राहू द्यावा. "मामा, आधी तो आहे तरी काय ते पाहू," असे भाचीने सुचविले आणि मी त्या कामात ओढला गेलो.

दर्शनी जाळीवर नावाची पाटी नव्हती. ती जेथे असावयाची तेथे दोन बारीक भोके तेवढी उरली होती. मागची फळी काढल्यावर मात्र यंत्र बोलू लागले. अमेरिकेतील विद्युत्‌भाग बनविणाऱ्या कारखान्यांनी त्या काळी एक संकेत पाळला होता. प्रत्येक भागावर एक अंकमाला छापलेली असे. पहिले तीन अंक निर्मात्याचे, त्यानंतर वर्षाचा एक अथवा दोन अंक, आणि शेवटचे दोन अंक त्या वर्षातील आठवड्याचे. आमच्या स्पीकरवर '२२०५३९' असे अंक होते. २२० हा शिकागोच्या जेन्सन कंपनीचा क्रमांक. ३९ म्हणजे एकोणचाळिसावा आठवडा, अर्थात सप्टेंबरअखेर. राहिला तो ५. हे वर्ष १९४५, १९५५ की १९६५?

जुन्या पोथीच्या पुष्पिकेत नुसते संवत्सराचे नाव असावे आणि शक नसावा, तसाच हा प्रकार. तेथे साठ वर्षांचे चक्र असते, येथे दहांचे. अशा वेळी अंतर्गत पुरावा पाहावा लागतो. या यंत्रातील पहिला व्हॉल्व्ह नऊ पायांचा, लहान काचेचा '१२एएक्स७' होता. हा व्हॉल्व्ह युद्धोत्तर काळातला. तेव्हा १९४५ बाद झाले. उलट आतील कंडेन्सर मेणात बुडविलेल्या कागदाचे होते, आणि १९६५ पर्यंत नव्या यंत्रांतून ते बहुतेक गेलेलेच होते. स्वर कमीअधिक करणाऱ्या बटणामागे '३०४५२८' असे अंक मिळाले. ३०४ हा स्टॅकपोल कंपनीचा क्रमांक. याही भागाचे वर्ष पाचानेच संपत होते, आठवडा तेवढा अकरांनी आधीचा. भाग काही आठवडे कारखान्यात पडून राहत, त्यामुळे सर्वांत उशिराच्या मूळ भागाच्या आधी यंत्र तयार झालेले असू शकत नाही. १९५५ च्या शरद ऋतूच्या आधीचे ते नव्हे, इतके निश्चित झाले.

निर्माता कोण, हे भागांच्या मांडणीवरून ठरले. व्हॉल्व्हच्या बैठकांचा क्रम, तारा वळविण्याची रीत, डाख देण्याची पद्धत, हे सारे शिकागोच्या व्हॅल्को कारखान्यातील समकालीन यंत्रांशी जुळले. व्हिक्टर, अल् आणि लुई या तीन भागीदारांच्या नावांची आद्याक्षरे जोडून या कारखान्याचे नाव झालेले आहे. त्याने स्वतःच्या 'सुप्रो' व 'नॅशनल' या नावांनी माल विकलाच, शिवाय मॉन्टगोमरी वॉर्ड या टपालाने माल पुरविणाऱ्या पेढीसाठी 'एअरलाइन', तर क्लीव्हलंडमधून हवाईयन गिटारचे धडे विकणाऱ्या प्रकाशनसंस्थेसाठी 'ओआहू' अशा पाट्याही लावल्या. ग्रेट्श कंपनीचे ध्वनिवर्धकही तेथेच होत. १९६७ मध्ये तो के या कंपनीशी जोडला गेला आणि १९६८ मध्ये बंद पडला. आत तेच यंत्र, बाहेर नावे निरनिराळी. आज बाजारात मात्र पाटीप्रमाणे किंमत बदलते. जिमी पेजने लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठी सुप्रो वापरल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून तर त्या नावाला विशेषच भाव आला. आमच्या दोन भोकांवर कोणती पाटी होती, हा प्रश्न मला त्यानंतर गौण वाटू लागला.

याच तपासात आणखी एक अंकमाला हाती आली आणि तिने घरातला वाद मिटविला. आवाजाच्या बटणामागे '१३७७१२२' असे अंक होते. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, वर्ष १९७१, आठवडा बाविसावा. केवळ या भागावर विसंबून जर कोणी काळ ठरविला असता, तर तो सोळा वर्षांनी चुकला असता. तेथील डाखही मूळ कारागिराचा नव्हता. जाड आणि थोडा ओबडधोबड होता. बटणाला जोडलेल्या तीन तारांवर चिकटपट्टीचे तुकडे होते आणि त्यांवर पेन्सिलीने देवनागरीत १, २, ३ असे लिहिले होते. कोणती तार कोठे जोडावयाची ते विसरू नये म्हणून केलेली ती खूण. ताईला आम्ही खाली बोलावले. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिले. "हा तीन त्यांचाच," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "मग त्यांनीही उघडला होता म्हणायचा. करा तुम्हांला काय करायचे ते."

करावयाचे काम लहान नव्हते. जुन्या पद्धतीप्रमाणे यंत्राला दोनच टोकांची वीजजोडणी होती, आणि विजेच्या एका तारेपासून धातूच्या सांगाड्यापर्यंत एक कंडेन्सर बसविलेला होता. तो निकामी झाला तर सांगाड्यात वीज उतरते, आणि गिटारच्या तारा त्याच सांगाड्याशी जोडलेल्या असतात. वाजविणाऱ्याचा हात तारांवर आणि ओठ मायक्रोफोनला लागले, की जिवावर बेतू शकते. शिवाय यंत्र बंद केल्यावरही वीज साठविणाऱ्या मोठ्या कंडेन्सरांत काही काळ शेकडो व्होल्ट टिकून राहतात. म्हणून हे काम एका वृद्ध रेडिओ-दुरुस्तीकाराकडे सोपविले. त्याने भूजोडणीची तीनपदरी तार बसविली, तो घातक कंडेन्सर काढला आणि वाळून गेलेले मोठे कंडेन्सर बदलले. कागदी कंडेन्सरांपैकी ज्यांतून वीज पाझरत होती तेवढेच काढले. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, दोन्ही बटणे आणि त्या तीन पट्ट्या यांना त्याने हात लावला नाही. प्रथम वीज देताना मध्ये एक साधा दिवा जोडून घेतला. आत कोठे दोष असता तर तो दिवा लखलखून उठला असता. तो क्षणभर उजळला आणि मंद झाला.

या यंत्रात '६व्ही६' हा एकच शक्तीचा व्हॉल्व्ह आहे. त्यातून जेमतेम चारपाच वॅट मिळतात. बटण अर्ध्याच्या आत असेपर्यंत स्वर निर्मळ, किंचित गोल येतो. त्यापुढे व्हॉल्व्हची क्षमता संपते, लहरींची टोके दबतात आणि स्वर खरखरीत, दाट होतो. जोराचा आघात केला तर वीज एकदिश करणारा '५वाय३' क्षणभर मागे पडतो. स्वर प्रथम दबतो आणि मग फुलतो. यंत्र बनविणाऱ्यांच्या लेखी हा दोषच होता. परंतु त्याच मॅक्सवेल स्ट्रीटवर, दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय वादक शेजारच्या घरांतून वीज घेऊन असलेच लहान ध्वनिवर्धक वाजवीत, आणि बाजाराच्या गोंगाटातून वर यावे म्हणून बटण पुरते फिरवीत. शिकागोच्या ब्लूज संगीताला जो आवाज लाभला त्यात या दोषाचा वाटा मोठा आहे. भाची त्याच दाट स्वरात वाजविते. भावोजींची हवाईयन मींड मात्र निर्मळ स्वरातच शोभत असावी, कारण बटणाभोवतीच्या रंगावरची झीज तीनच्या आकड्यापाशी थांबलेली आहे. वापरून पाहिल्यावरच त्या झिजेचा अर्थ आम्हांला लागला.

वापरासाठी पुरावा थोडा मोडावा लागतो, यात शंका नाही. संपादकाने पाठ बदलला तर मूळ पाठ तळटीपेत द्यावा, इतपत बंधन आम्ही पाळले. काढलेले भाग एका पाकिटात घालून पेटीच्या तळाशी ठेवले. सोबत एक चिठ्ठी आहे: कोणता भाग, कोणत्या अंकांचा, कोणत्या दिवशी, का काढला. ती मराठीत व इंग्रजीत लिहिली आहे. तीन तारांवरच्या आकड्यांचा खुलासाही तीत केला आहे, कारण पुढे ज्याच्या हाती ही पेटी जाईल त्याला देवनागरी वाचता येईलच असे नाही.