स्टेडियम आहे, टीम कुठाय?

रात्री एकचा अलार्म लावून चॅम्पियन्स लीग बघणारा आणि सकाळी नऊला लाल डोळ्यांनी हिंजवडीत लॉग-इन करणारा एक तरी प्राणी तुमच्या ऑफिसात असेलच. त्याला ओल्ड ट्रॅफर्डचा कुठला स्टँड कुठे, हे तोंडपाठ असतं. ‘बालेवाडीत कधी मॅच बघितलीस?’ असं विचारा. साहेब गप्प! म्हणून म्हटलं, गल्लीत काय चाललंय ते बघू. गेली काही वर्षं जमेल तसे वीकेंड काढून मी आपल्या आसपासची फुटबॉल स्टेडियम्स हिंडतोय.

सुरुवात अर्थातच घरच्या मैदानावरून. म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. 2008 मध्ये इथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. हायवेला लागून जागा, मोकळी हवा, मागे डोंगर. एकच पंचाईत! मैदान आणि आपण यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. त्यामुळे कॉर्नर घेणाऱ्याला शिवी हासडली तरी ती त्याच्यापर्यंत पोचेल याची खात्री नाही.

पण या मैदानाने काय काय पाहिलंय! पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरी आली. भारत एफसी एका मोसमापुरती आली नि गेली. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीग खेळली. आणि 2014 पासून आयएसएलवाली एफसी पुणे सिटी. हृतिक रोशन सहमालक, पहिल्याच मोसमात फ्रान्सचा वर्ल्ड कप विजेता डेव्हिड ट्रेझेगे! आयटीवाली पब्लिक ऑफिसच्या बॅगा घेऊन थेट स्टँडमध्ये. 7 मार्च 2018 ला बंगळुरूविरुद्ध सेमीफायनलचा पहिला लेग इथेच झाला, 0-0. चार दिवसांनी तिकडे सुनील छेत्रीने हॅटट्रिक ठोकली आणि आपण 3-1 ने घरी. पुढच्या वर्षी, 2019 मध्ये, क्लबच बंद पडला. त्याच्या जागी हैदराबाद एफसी आली आणि 2022 मध्ये तिने आयएसएल जिंकलीसुद्धा. जळतं की नाही?

म्हणजे एका स्टेडियमने चार क्लब बघितले आणि चारही गेले. ऑरेंज जर्सी अजून अनेकांच्या कपाटात आहे. ती घालून जायचं कुठे, एवढाच प्रश्न आहे.

एक्स्प्रेस-वे पकडून नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमला गेलात, तर डोळे दिपतील. छपराला मध्ये खांब नाहीत, त्यामुळे कुठेही बसा, समोर कुणी आडवं येत नाही. 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपची सेमीफायनल इथे झाली, 2022 मध्ये मुलींच्या अंडर-17 वर्ल्ड कपची फायनलही. पण मुळात क्रिकेटचं मैदान, गोलाकार. खेळाडू लांबच राहतात. फॅमिलीला न्यायला एकदम बेस्ट. गळा बसेपर्यंत ओरडायला मला तरी तिथे मूड येत नाही. त्यापेक्षा मुंबईचं छोटंसं कूपरेज मला जास्त आवडतं. रोव्हर्स कपच्या आठवणींचं मैदान. आता तिथे कृत्रिम टर्फ आहे, पण चर्चगेटला उतरून चालत जायचं आणि टचलाइनच्या जवळ बसायचं, ही मजा वेगळीच.

मडगावचं फातोर्डा मात्र अस्सल. गोव्यात फुटबॉल बघायला येणाऱ्याला कुणी ऑफसाइड समजावून सांगावं लागत नाही. शेजारी बसलेली आजीसुद्धा रेफ्रीची चूक काढते. 2015 ची आयएसएल फायनल आठवा. 87व्या मिनिटाला एफसी गोवा 2-1 ने पुढे आणि शिट्टी वाजली तेव्हा चेन्नईयन 3-2! तरी पुढच्या मोसमात पब्लिक हजर. कारण टीम हरली म्हणून गाव सोडता येत नाही ना!

आणि कोल्हापूर? भावा, नादखुळा! राजर्षी शाहू स्टेडियममध्ये गुबगुबीत खुर्च्या शोधू नका. सिमेंटच्या पायऱ्या, डोक्यावर ऊन, हातात भडंगाचा पुडा. गाडी लावायला जागा शोधणं हाच पहिला हाफ. पण पाटाकडील विरुद्ध खंडोबा, किंवा दिलबहार विरुद्ध प्रॅक्टिस क्लब, अशी मॅच असली की अख्ख्या पेठा ओस. टीमची नावं तालमींची. जिथे आजोबांनी जोर-बैठका मारल्या, त्याच तालमीच्या नावाची जर्सी नातू घालतो. इथे मालक बदलला, शहर बदललं ही भानगड नाही. तालीम कुठे जाणार? कधी कधी ही खुन्नस मैदानाबाहेर जाते, हाणामाऱ्या होतात, पोलीस मध्ये पडतात. ते वाईटच, त्याचं कौतुक नको. पण मॅच संपल्यावर चहाच्या टपरीवर तासभर जी चिरफाड चालते, ती ऐकताना मला पुण्याचा हेवा वाटत नाही, एवढं नक्की.

याच जिल्ह्यातला अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. म्हणजे खेळाडू घडवायला पुणे चालतं; त्यांच्यासाठी ओरडायला मात्र आपल्याकडे सध्या आयएसएलची टीम नाही.

मग पुणेकराने करायचं काय? नवा मालक येईपर्यंत टीव्हीसमोर बसायचं? मी सध्या एक उपाय शोधलाय. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग चालू असली की शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस ग्राउंडवर जायचं. स्टँड नाही, मोठा स्क्रीन नाही, रिप्लेही नाही. त्यामुळे गोलच्या वेळी मोबाइलमध्ये डोकं घातलंत तर संपलंच! डेक्कन इलेव्हनसारखे जुने क्लब खेळतात, खडकी-कॅम्पातली पोरं धावतात आणि तुम्ही टचलाइनपासून दोन हातांवर उभे असता. गोलकीपर बॅकला काय ओरडतो ते शब्द न शब्द ऐकू येतं. लहान मुलं बरोबर असतील तर जरा जपून. पाण्याची बाटली आणि टोपी घरून न्या, आणि उभं राहायला जागा धराल ती झाडाच्या बाजूची. दुसऱ्या हाफला सावली तिकडेच सरकते.