इंजिनाची जागा

गॅरेजच्या वरच्या फळीवर पडलेल्या वस्तूंना बहुधा धुळीचाच वास येतो. नायट्रोवर चालणाऱ्या रिमोट ट्रकचं तसं नसतं. दहा वर्षं त्याला कुणी हात लावलेला नसो, खोकं उघडताच एरंडेल आणि स्पिरिट यांनी संगनमत करून बनवलेला एक गोडसर, डोक्यात जाणारा वास बाहेर येतो आणि चाळिशीचा माणूस खोक्यापुढे उकिडवा बसून राहतो. घरात कुणी हाक मारली तर ओ देत नाही.

टेक्सासमधल्या ट्रॅक्सस कंपनीचा ‘टी-मॅक्स’ हा या वासाचा नामांकित धनी. १९९९ साली तो बाजारात आला. हातभर लांबी, जाडजूड चाकं, आणि चार चाकांना मिळून चक्क आठ शॉक ॲब्सॉर्बर. माणसांच्या गाडीत जे चारांत भागतं त्याला इथे आठ लागतात, कारण ही गाडी रस्त्यापेक्षा हवेत जास्त असते. इंजिन अडीच सीसीचं. म्हणजे पिस्टनच्या एका फेरीत चहाचा अर्धा चमचा भरेल एवढीच जागा. पण हे अर्धा चमचा इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेतं आणि आळीतली सगळी कुत्री उठवतं.

ते सुरू करणं हा एक विधीच असे. ज्यांनी पावसाळ्यातल्या सकाळी स्कूटर आडवी करून, पुन्हा उभी करून किका मारल्या आहेत, त्यांना तो समजावून सांगायला नको. फरक इतकाच की स्कूटरला ठिणगी देणारा स्पार्क प्लग असतो. इथे असतो ग्लो प्लग, म्हणजे प्लॅटिनमची एक केसासारखी वेटोळी तार. दीड व्होल्टच्या सेलनं ती लाल करायची. इंजिनानं पेट घेतला की सेल काढून घ्यायचा, कारण पुढे मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांचं आपसात असं जमतं की तार बाहेरच्या विजेवाचून तापलेलीच राहते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस रे आर्डेन नावाच्या अमेरिकी माणसानं हा प्लग बाजारात आणला आणि विमानांच्या खेळण्यांतून मॅग्नेटो, कॉइल, बॅटरी असं सगळं ओझं एका झटक्यात उतरलं. इंजिन किती तापलं हे पाहायला त्याच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकत. थेंब चर्रकन उडाला तर फार गरम, तीन-चार सेकंद सळसळत राहिला तर बेताचं. थंडीत इंजिन हेअर ड्रायरनं शेकावं लागे, कारण सिलिंडर वरच्या टोकाला मुद्दाम निमुळता घडवलेला असतो आणि गार असताना पिस्टन तिथे अडकून बसतो.

हे निमुळतं टोक झिजलं की इंजिन संपलं. नवं पिस्टन-स्लीव्ह घ्यायला जावं तर तेवढ्या पैशांत आणखी एक जुना ट्रक येतो. म्हणूनच असे ट्रक जुन्या बाजारात स्वस्त मिळतात: सांगाडा धडधाकट, काळीज गेलेलं. आणि म्हणूनच कधीतरी, बहुधा रविवारी, त्या माणसाच्या मनात येतं, की याला मोटार बसवली तर?

इंधनाचा प्रश्न तरी सुटेल, हा पहिला विचार. नायट्रोच्या बाटलीत साधारण वीस टक्के नायट्रोमिथेन, दहा-बारा टक्के तेल आणि उरलेलं मिथेनॉल असतं. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ट्रक चालवून झाल्यावर इंजिनात तेलाचे थेंब सोडले नाहीत तर बेअरिंगं गंजतात. उन्हात त्याची ज्योत दिसत नाही, चटका बसल्यावर कळते. मराठी वाचकाला हे रसायन वेगळ्या पानावरून ठाऊक आहे. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, त्या दारूतलं विष हेच. खेळण्याच्या टाकीत भरायची ही वस्तू नव्हे, असं म्हणणाऱ्या घरच्या मंडळींशी वाद घालणं अवघड आहे.

तरी तिच्या ताकदीचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. त्या ट्रकच्या टाकीत पाऊणशे मिलिलिटर इंधन मावतं असं धरू. त्यातली ऊर्जा भरते जवळजवळ २८० वॅट-तास. उलट त्याच्या जागी बसवायची तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, ११.१ व्होल्ट, ५००० मिलिॲम्पिअर-तास, देते साडेपंचावन्न. पाचपट फरक! पण टाकी दहा-पंधरा मिनिटांत रिकामी होते आणि बॅटरीही साधारण तेवढाच वेळ पुरते. उरलेली ऊर्जा कुठे गेली? आवाजात, धुरात, सिलिंडरच्या डोक्यावर चर्रकन उडणाऱ्या त्या थेंबात, आणि न जळताच पाइपातून बाहेर पडून मालकाच्या शर्टावर बसलेल्या तेलकट फवाऱ्यात. नायट्रोमिथेन स्वतःचा ऑक्सिजन सोबत घेऊन येतं. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, त्याला १.७ पुरते. त्यामुळे तेवढ्याच सिलिंडरात कितीतरी जास्त इंधन कोंबता येतं. उधळपट्टीला सोयीचं असंच हे इंधन आहे.

चार स्क्रू काढले की इंजिन हातात येतं. त्याच्याबरोबर फ्लायव्हील, क्लचचे बूट, क्लच बेल, पाइप, टाकी, एअर फिल्टर. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मागे उरतात चार भोकं आणि एक काळपट डाग. आता या मोकळ्या जागेत काहीही बसेल असं वाटतं.

मोटार निवडणं त्या मानानं सोपं. ब्रशलेस मोटारीवर ‘केव्ही’ लिहिलेलं असतं. त्याचा किलोव्होल्टशी काही संबंध नाही. एका व्होल्टला किती फेरे, एवढाच त्याचा अर्थ. २२०० केव्हीची मोटार ११.१ व्होल्टवर २४,४२० फेरे घेते. इंजिनाच्या तीस हजारांपेक्षा हे कमी, पण इंजिनाला तिथवर चढावं लागतं आणि मोटार शून्यापासूनच पूर्ण जोर लावते. मोटारीतून तीन तारा निघतात. गाडी उलटी पळाली तर घाबरायचं नाही. तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करायची. विहिरीवरचा तीन फेजचा पंप ज्यांच्या घरी आहे त्यांना हे कुणी शिकवायला नको. फेज बदलली की पंप उलटा फिरतो, पाणी चढत नाही आणि गावातला वायरमन येऊन दोन तारा बदलून चहा पिऊन जातो. तत्त्व तेच, फक्त ती मोटार मुठीत मावत नाही.

खर्च मोटारीचा नसतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे या उद्योगाचं खरं अंदाजपत्रक. मोटारीचा दांडा ५ मिलिमीटरचा आणि घरात पडलेलं पिनियन, म्हणजे त्या दांड्यावर बसणारा छोटा गिअर, ३.१७ मिलिमीटर भोकाचं. स्पर गिअरचे दात एका मापाचे, स्वस्तात मिळालेल्या पिनियनचे दुसऱ्या. मोटारीच्या तोंडावरचे स्क्रू २५ मिलिमीटर अंतरावर, चॅसीवरची भोकं भलत्याच ठिकाणी. तयार माउंट विकत मिळतो, पण त्याच्या किमतीत जुना ट्रक येईल. मग हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमचा जाड अँगल येतो. त्यात दोन लांबट खाचा कानसून काढल्या जातात, म्हणजे मोटार पुढेमागे सरकवता येईल. कारण पिनियन आणि स्पर यांच्यात नेमकं अंतर हवं. घट्ट बसलं तर रडतं, सैल राहिलं तर दात खातं. हे अंतर मोजायचं साधन म्हणजे कागदाची पट्टी. दोन गिअरांमध्ये ती घालायची, मोटार दाबून स्क्रू आवळायचे, चाक फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर करवतीसारखी नागमोडी घडी उमटली आणि कागद फाटला नाही, तर जमलं. अख्ख्या कामातलं हे एकमेव फुकट हत्यार, आणि सगळ्यात बिनचूक.

इंजिनाबरोबर आणखी दोन वस्तू निरुपयोगी झाल्या असं त्या माणसाला वाटतं: थ्रॉटल आणि ब्रेक सांभाळणारा सर्व्हो, आणि गाडी मागे न्यायचा सर्व्हो. आता ब्रेक लावणं आणि उलटं फिरवणं हे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलरचं काम. रिसीव्हरचे पेन्सिल सेलही गेले. कंट्रोलरच त्याला वीज पुरवतो. दोन्ही सर्व्हो बिस्किटाच्या डब्यात जातात. पहिली चाचणी टेबलावर, चाकं अधांतरी. ट्रिगर दाबला, मोटार क्षणभर अडखळली, मग चाकं गरगरली. सेन्सर नसलेल्या स्वस्त मोटारीची ही खोडच आहे. तिचा रोटर कुठे आहे हे कंट्रोलरला तिच्यातच निर्माण होणाऱ्या उलट्या विद्युतदाबावरून ओळखावं लागतं, आणि उभ्या मोटारीत तो दाब नसतोच. पहिला अर्धा फेरा अंदाजपंचे.

मग ट्रिगर उलटा ढकलला. मोटार किंचाळली. चाकं जागच्या जागी.

इथे बरेच जण मोटार बिघडली असं समजून दुसरी मागवतात. बिघडलेलं काहीच नसतं. दोन वेगांच्या अशा गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर एकमार्गी बेअरिंगवर बसवलेला असतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. वेग वाढला की केंद्रापसारी क्लच दुसरा गिअर धरतो आणि पहिला त्या बेअरिंगवर मोकळा सुटतो. झकास योजना. फक्त तिच्या मुळाशी एक गृहीत आहे: इंजिन कधीच उलटं फिरणार नाही. ते खरंही होतं. म्हणून तर मागे जायला वेगळा सर्व्हो आणि गिअरांची वेगळी जोडी दिलेली. मोटार उलटी फिरली की बेअरिंग नुसतं घसरतं. आणि मोटारीनं ब्रेक लावायचा म्हटला तरी पहिल्या गिअरमध्ये तो चाकांपर्यंत पोचत नाही. इंजिन खोक्यात जाऊन पडलं, पण त्याचा स्वभाव गिअरबॉक्सच्या पोटात दातांच्या रूपानं तसाच राहिला आहे.

मोठ्या माणसांच्या मोठ्या खेळात हे असं होत नाही. वाराणसीच्या रेल्वे कारखान्यात डिझेल इंजिनांचं रूपांतर करून विजेवर चालणारं जोडइंजिन तयार केलं आणि २०१९च्या फेब्रुवारीत त्याला हिरवा झेंडा दाखवला. पण डिझेल लोकोमोटिव्हची चाकं पूर्वीपासून विजेच्या मोटारींवरच फिरत असतात, डिझेल फक्त वीज तयार करतं. उगम बदलला की काम झालं. आकुर्डीच्या बजाजची चेतक २०२०मध्ये विजेवर परत आली, तीही नावापुरतीच जुनी. कंपनीनं आतलं-बाहेरचं सगळं नव्यानं घडवलं, १९७२च्या पत्र्यात मोटार कोंबत बसली नाही. टी-मॅक्सवाल्यांनीसुद्धा स्वतःच त्याच घराण्यातला ‘ई-मॅक्स’ काढला तेव्हा त्याला विजेला साजेल असा गिअरबॉक्स दिला. जुन्याच हाडांत नवा जीव घालायचा हट्ट फक्त हौशी माणसाचा, आणि त्याच्या खिशाचा.

उपाय दोन. गिअरबॉक्स उघडून ते बेअरिंग काढायचं आणि गिअर दांड्याला पक्का बांधून एकाच वेगावर समाधान मानायचं. हे नीटस, पण त्यासाठी वेगळा भाग लागतो. किंवा बिस्किटाचा डबा पुन्हा उघडायचा. जुना डिस्क ब्रेक अजून जागेवर आहे. वाय आकाराची एक तार घेतली की थ्रॉटलचा एकच इशारा कंट्रोलरला जातो आणि ब्रेकच्या सर्व्होलाही. मागे जाण्याचा सर्व्हो तिसऱ्या चॅनेलवर होता, तिथेच परत. कंट्रोलरला सांगून टाकायचं, की तू फक्त पुढे ने. शुद्ध विद्युतवादी नाकं मुरडतील. पण पैसा न घालता होणारं काम हेच, आणि खरं सांगायचं तर यात एक जुनी गंमत टिकते: मागे जायचं तर अजूनही आधी थांबावं लागतं.

बॅटरीचं वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम. टाकीच्या जागी ती आडवी मावत नाही, म्हणून उभी, वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधलेली. तिची पथ्यं वेगळी आहेत. सेल ३.२ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही, ठेवून द्यायची तर ३.८वर, चार्ज करताना नजरेआड करायची नाही, फुगली तर मोह सोडायचा. एरंडेलाच्या बाटलीला कुणी इतकं जपलं नव्हतं.

मैदानात पहिल्या दिवशी ट्रक निघतो तेव्हा ऐकू येतात ते त्याचे बाकीचे आवाज, जे इंजिनानं इतकी वर्षं दाबून ठेवले होते. डिफरन्शियलची घरघर. आठ शॉकांची चुळबूळ. टायरखाली खडी. एका उडीनंतर प्लास्टिकचा कुठलासा आर्म टक्क करून जागेवर येतो, तेही स्पष्ट. कुत्री झोपलेली.

तिसऱ्या फेरीनंतर तो ट्रक जवळ बोलावतो, गुडघे टेकतो आणि सवयीनं बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब मोटारीच्या पाठीवर सोडतो. थेंब उडत नाही, सळसळत नाही, नुसता ओघळतो. पण बोट ठेवलं तर दोन सेकंदांत उचलावं लागतं. म्हणजे मोटार जास्त ओढते आहे. फार तापलं तर तिची चुंबकं मार खातील. १६ दातांचं पिनियन काढून १४चं घालायला हवं. खिशात हात जातो. पाना आहे. कागदाची पट्टी नाही. दुकानाची पावती सापडते, अँगलची. ती लांबीत दुमडून तो पुन्हा गवतातच बसतो.